टाइम कुणी लिहिला?

ज्यांना कानाला हेडफोन लावायला जमत नाही, किंवा लोकलमध्ये, एसटीत नेट जातं, त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लिहिलेला मजकूर. बोलताना झालेलं ‘म्हणजे म्हणजे’ काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय एकच शब्द आहे. टाइम. इंग्रजीतून आला, पण आता माझ्या आज्जीच्या तोंडात माझ्यापेक्षा जास्त बसलाय. आणि या शब्दाच्या मागे मी लागलो तो एका बगमुळे.

तेवीस मिनिटांचं भूत

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे एक छोटं काम आलं. दवाखान्याची अपॉइंटमेंट घेतलेल्या पेशंटला वेळेवर मेसेज जायला पाहिजे, एवढंच. कोड लिहिला, टेस्ट केला, लाइव्ह गेला. दुसऱ्या दिवशी तक्रार आली की मेसेज लवकर जातायत. किती लवकर? तेवीस मिनिटं. अर्धा तास नाही, एक तास नाही, बरोबर तेवीस मिनिटं.

अर्धा तास असता तर समजलं असतं. आपली घड्याळं ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, त्यात कुणीतरी पाच धरले असतील. पण तेवीस? मी रात्री दीडपर्यंत डोकं खाजवत बसलो. शेवटी सापडलं. पायथॉनच्या एका जुन्या लायब्ररीला भारताचा टाइमझोन जर चुकीच्या पद्धतीने मागितला, तर ती साडेपाच तास देतच नाही. ५ तास ५३ मिनिटं देते. का? कारण जगभरच्या टाइमझोनची जी यादी बहुतेक कॉम्प्युटर वापरतात, त्यात भारताचं नाव ‘आशिया/कोलकाता’ आहे, आणि त्या नावाखाली सगळ्यात पहिली नोंद आहे ती जुन्या कलकत्त्याच्या स्थानिक वेळेची. म्हणजे कलकत्त्याच्या डोक्यावर सूर्य येतो त्यावरून धरलेली, एकोणिसाव्या शतकातली वेळ. माझ्या कोडने ती पहिली ओळ उचलली, आणि पुण्यातल्या पेशंटला दीडशे वर्षांपूर्वीच्या कलकत्त्याच्या घड्याळावर मेसेज गेले.

बग दोन ओळींत सुटला. प्रश्न मात्र सुटला नाही. कलकत्त्याची स्वतःची वेळ होती, तर मुंबईची होती का? आणि माझ्या गावाची, तलवाड्याची? बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात आमचं गाव. आमची देवी त्वरिता देवी. त्वरित म्हणजे लगेच. ज्या गावची देवी ‘लगेच’ नावाची, त्या गावात पोरं एसटीची वाट बघत मोठी झाली, हा आमचा जुना विनोद आहे.

टाइमच्या आधी काय होतं?

टाइम यायच्या आधी आपल्याकडे शब्दांची कमी नव्हती. दिवसाच्या साठ घटका. एक घटका म्हणजे २४ मिनिटं. एका घटकेची साठ पळं, म्हणजे एक पळ २४ सेकंदांचं. तीन तासांचा एक प्रहर, दिवसरात्र मिळून आठ.

हे मोजायचे कसे? तांब्याची छोटी वाटी, तिच्या बुडाला बारीक भोक. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती सोडायची. भोकातून हळूहळू पाणी शिरतं, वाटी भरते, बुडते. बुडाली की एक घटका झाली. मग मोठ्या थाळीवर टोला द्यायचा, म्हणजे गावाला कळणार. लग्नात मुहूर्त साधायला भटजी हेच घटिकापात्र मांडायचे. ‘त्याची घटका भरली’ असं आपण म्हणतो ना, ती ही वाटी भरणं.

आणि ‘तास’? हा शब्द फारसीतून आलेला. मूळ अर्थ धातूचं भांडं, थाळी. ज्या थाळीवर टोला पडायचा तिचंच नाव तासाला लागलं. म्हणून तर आपण विचारतो, ‘किती वाजले?’ मराठीत वेळ वाजते. ती आधी कानाला कळायची, डोळ्याला नंतर.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. मराठीत ‘वेळ’ हा शब्द दोन लिंगांत चालतो. ‘तो वेळ’ आणि ‘ती वेळ’. ‘माझा वेळ गेला’ म्हणजे खर्च झाला, वाया गेला. ‘माझी वेळ गेली’ म्हणजे संधी हुकली. ‘वेळ लागला’ हे मोजायचं असतं, ‘वेळ आली’ हे सोसायचं असतं. एका मात्रेच्या फरकात केवढा फरक! इंग्रजी टाइमने हे दोन्ही एकाच पोत्यात भरले. ‘टाइम गेला’ आणि ‘टाइम आला’, दोन्ही पुल्लिंगी, विषय संपला.

आमच्याकडचा टाइम

पण मराठी माणसाने टाइमला जसाच्या तसा घेतला असं समजू नका. आमच्या तलवाड्यात त्याचे किती अर्थ होतात ते मी एका दिवाळीच्या सुट्टीत मोजले.

‘गाडीचा टाइम झाला.’ म्हणजे वेळापत्रक.
‘लई टाइम लागंल.’ म्हणजे कालावधी.
‘गोळी तीन टाइम घ्यायची.’ म्हणजे खेप.
‘दोन टाइमाची भाकर.’ म्हणजे पोट.
‘सध्या टाइम खराब चालूय.’ म्हणजे नशीब.
‘दुष्काळाच्या टायमाला.’ म्हणजे जमाना. १९७२ चा दुष्काळ आमच्याकडे कुणी सालाने सांगत नाही, ‘दुष्काळाच्या टायमाला’ म्हटलं की झालं.

या यादीकडे बघताना एक गोष्ट लक्षात आली. यातला बराचसा टाइम दुसऱ्याने ठरवलेला आहे. गाडीचा एसटीने, गोळीचा डॉक्टरने, शाळेचा मास्तरने, लाइटचा वीजवाल्यांनी. स्वतःच्या मर्जीचं काही असलं की आज्जी अजूनही टाइम म्हणत नाही. ‘घटकाभर टेक की’ म्हणते.

तुम्ही म्हणाल, मग टाइमपासचं काय, तो तर आपला असतो! होय, पण टाइमपास सगळ्यात जास्त कुठे होतो बघा. स्टँडवर, गाडीत, तहसीलच्या व्हरांड्यात. दुसऱ्याचा टाइम होईपर्यंत आपला घालवायचा, त्याला टाइमपास म्हणतात. पाच रुपयांचे शेंगदाणे त्याच नावाने विकले जातात.

मुंबईने घड्याळाशी केलेलं भांडण

दुसऱ्याने टाइम ठरवायचा आणि आपण पाळायचा, यावर आपल्याच लोकांनी मोठं भांडण केलंय.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली रेल्वे गेली. रेल्वे आली की एक अडचण येते. प्रत्येक गावाचा मध्यान्ह वेगळा. पूर्वेला सूर्य आधी येतो, पश्चिमेला नंतर. पायी किंवा बैलगाडीने जाणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही, पण एकाच रुळावर दोन गाड्या असतील तर पडतो. म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ धरली. मद्रास मुंबईच्या अर्धा तास पुढे. १८८१ मध्ये मुंबईचे गव्हर्नर फर्ग्युसन यांनी सरकारी कामकाजालाही मद्रासची वेळ लावायचं ठरवलं. लोक इतके चिडले की दोन वर्षांत हुकूम मागे घ्यावा लागला.

मग १९०५. कर्झनचं सरकार, बंगालची फाळणी, स्वदेशीची चळवळ. त्याच धामधुमीत ठरलं की १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशाला एकच वेळ, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईची स्वतःची वेळ होती ४ तास ५१ मिनिटं पुढे. म्हणजे मुंबईने घड्याळ एकदम ३९ मिनिटं पुढे करायचं.

आज वाटतं, एवढंच ना? पण गिरणी कामगाराच्या जागेवर उभं राहून बघा. भोंगा पूर्वीच्याच आकड्याला वाजणार, पण सूर्याच्या हिशेबात ३९ मिनिटं आधी. म्हणजे अंधारात उठा, अंधारात चालत जा. जानेवारी १९०६ मध्ये मुंबईत हजारो गिरणी कामगारांनी या नव्या वेळेविरुद्ध काम बंद केलं, दगडफेक झाली. शहरातल्या पुढाऱ्यांना हा सरकारी हुकूम वाटला, कामगारांना ती चोरलेली झोप वाटली. मुंबई महापालिकेने आपल्यापुरती जुनी मुंबई वेळ चालू ठेवली, ती थेट स्वातंत्र्यानंतर काही वर्षांपर्यंत. एका शहरात दोन टाइम, आणि लोक विचारायचे, ‘कुठल्या टाइमाने?’ तिकडे कलकत्त्यानेही आपली वेळ १९४८ पर्यंत सोडली नाही.

म्हणजे माझ्या कोडमधलं ते भूत एकटं नव्हतं.

याच गिरण्यांमध्ये टाइमसाठी आधी अजून एक लढाई झाली होती, आणि ती जिंकली होती. नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेऊन मागण्या मांडल्या. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. मागणीतसुद्धा अर्धं घड्याळ आणि अर्धा सूर्य आहे, बघा! १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मंजूर झाली. आपण रविवारी लोळत हा पॉडकास्ट ऐकतो, ती जागा कुणीतरी भांडून मिळवलेली आहे. पुढे १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषांचं काम बारा तासांवर आलं, आणि १९४८ च्या कारखाने कायद्याने दिवसाला नऊ, आठवड्याला ४८ तास. त्यावर काम केलं तर दुप्पट मजुरी. ओव्हरटाइम हा शब्द तिथून आपल्या घरात आला.

बीडला टाइम उशिरा आला, पण आला

आता मुंबईहून घरी येऊ. आमचा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तिथला सरकारी कारभार फसली सालावर चालायचा. फसल म्हणजे पीक, म्हणजे मुळात शेतसारा गोळा करायचं कॅलेंडर. महिन्यांची नावं फारसी, आजूर, दै, बहमन. आमच्या घरात जमिनीचा एक जुना कागद आहे, त्यावर फसली साल आहे. त्यात ५९० मिळवले की साधारण इंग्रजी साल निघतं. म्हणजे घरात शक, कचेरीत फसली, आणि मनमाड–औरंगाबाद–जालन्याकडून जाणाऱ्या रेल्वेवर इंग्रजी तारीख. माणूस एकच, टाइम तीन.

ती रेल्वे बीड शहराला टाळून गेली. बीडला प्रवाशांची रेल्वे आली १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरहून. १८५३ आणि २०२५. वजाबाकी तुम्हीच करा.

म्हणून आमच्याकडे टाइम रेल्वेने नाही आला. तो एसटीने आला, शाळेच्या घंटेने आला, रेडिओच्या बातम्यांनी आला, लग्नात मिळालेल्या एचएमटी घड्याळाने आला. आणि सगळ्यात कडक टाइम आला तो उसाच्या फडातून.

माझे आज्जी-आजोबा ऊसतोडीला जायचे. बीडमधल्या ऐकणाऱ्यांना सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. दसरा-दिवाळीला मुकादम उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळी पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात जाते, आणि उन्हाळा लागला की परत येते. तिथे पगार तासावर नाही, टनावर. त्यामुळे ओव्हरटाइम नावाची गोष्टच नाही. पहाटे अंधारात फडात जायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, आणि रात्री गाडी आली की भरायला उठायचं. गाडी कधी येईल? नेम नाही. आणि एक दिवस नाही गेलं की खाडा, त्याचे पैसे उचलीतून कापले.

इथे एक मराठी शब्द मला टोचतो. पाळी. गिरणीत पाळी म्हणजे शिफ्ट, पहिली पाळी, रात्रपाळी. विहिरीच्या पाण्याला पाळी म्हणजे आपला नंबर. आणि बायकांची पाळी. तिन्हींचा अर्थ ठरलेल्या वेळी फिरून येणारी गोष्ट. फडात पहिली पाळी कुणी आखून दिली नाही, आणि तिसरीसाठी सवड नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गेल्या. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त बायकांचं हे ऑपरेशन झालेलं निघालं. कारणं अनेक होती, पण त्यातलं एक अगदी साधं होतं. त्या दिवसांत खाडा परवडत नाही. लोखंडेंनी १८९० ला मिळवलेला रविवार सव्वाशे वर्षांनीसुद्धा फडापर्यंत पोचला नव्हता.

आज्जीची जन्मतारीख

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्यासाठी हीच पहिली.

म्हाताऱ्या माणसांना सरकारची श्रावणबाळ योजना आहे. वय ६५ पूर्ण पाहिजे. आज्जी थकली होती, आजोबा गेले होते. अर्ज करायला गेलो तर उत्तर मिळालं, वय बसत नाही. ओळखपत्रावर जन्मतारीख होती ०१/०१/१९५५.

एक जानेवारी! तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे कार्ड काढून बघा. कितीतरी जणांचा वाढदिवस एक जानेवारी किंवा एक जून निघेल. एक जून म्हणजे मास्तरने शाळेत नाव घालताना टाकलेली तारीख, एक जानेवारी म्हणजे माहीत नसलं की टाकायची तारीख. आमच्या भाषेत याला डिफॉल्ट व्हॅल्यू म्हणतात. कॅम्पमध्ये कॉम्प्युटरवर बसलेल्या पोराने आज्जीच्या तोंडाकडे बघितलं, अंदाजाने साल टाकलं, बाकीचं डिफॉल्टने भरलं. रांग मोठी होती, त्यालाही टाइम नव्हता.

मी आज्जीला विचारलं, ‘तुझा जन्म कव्हाचा गं?’

ती म्हणाली, ‘आरं, रझाकाराच्या टायमाला. पोलीस आले तव्हा म्या पाळण्यात व्हते. माय सांगायची, मला पदराखाली घेऊन ज्वारीत बसली व्हती.’

पोलीस आले, म्हणजे पोलीस ॲक्शन. भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या १३ सप्टेंबर १९४८ ला, आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. सप्टेंबरात ज्वारी वावरात उभी असते. म्हणजे आज्जी १९४८ ची, फार तर एखादं वर्ष आधीची. तिच्या त्या एका ‘टायमाला’मध्ये साल होतं, महिना होता, पीक होतं. कार्डावर दिवस, महिना, वर्ष सगळं छापलेलं होतं, आणि सात वर्षांनी चुकीचं होतं.

ती सात वर्षं म्हणजे सात वर्षांचे पैसे. २०१३ ला मिळायचं ते २०२० वर गेलं. दुरुस्तीला पुरावा मागितला. दाखला नाही, शाळा नाही, ज्वारी साक्ष देत नाही. दोन वर्षं खेपा घातल्या, मग मी पुण्याला आलो आणि राहून गेलं. ‘राहून गेलं’ हे मी सोयीचं बोलतोय. खरं वाक्य असं आहे, की मी तिला फोनवर म्हणायचो, ‘आज्जी, सध्या टाइम नाही.’

त्या रात्री बग सापडला तेव्हा मला आज्जीचं कार्ड आठवलं. ५ तास ५३ मिनिटं हा आकडासुद्धा केवढा अचूक दिसतो! मिनिटापर्यंत हिशेब. पण पुण्याच्या पेशंटसाठी तो खोटा होता, कारण तो दुसऱ्याच शहराच्या सूर्यावरून लिहिलेला होता. तलवाड्याचा विचार केला तर साडेपाच तास हाही आमच्या सूर्याचा आकडा नाही. देशाची वेळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर धरलेली. आमच्याकडे घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य डोक्यावर यायला सरासरी सव्वीस-सत्तावीस मिनिटं असतात. याची मला तक्रार नाही. एक देश, एक घड्याळ, नाहीतर ना गाडी धरता येईल ना मीटिंग. फक्त आकडा दिसला की विचारायची सवय लागली. हा टाइम कुणी लिहिला? कुठे बसून? ज्याच्यासाठी लिहिला, त्याला विचारून का?

हेच मुंबईच्या कामगारांनी १९०६ ला विचारलं. ऊसतोडीच्या बायका आज विचारतायत. आणि आपल्या घरात कुणाचं तरी एक जानेवारी असेल, तर तेही विचारून बघा. नुसती तारीख विचारू नका, ‘कुठल्या टायमाला?’ असं विचारा. पाऊस, दुष्काळ, लग्न, एखादं मरण, काहीतरी निघेल, आणि त्यातून साल काढता येतं. मग ते लिहून ठेवा.

आज्जीचे पैसे २०२० पासून सुरू झाले, कार्डावरच्या हिशेबाने. मागच्या महिन्यात गावी गेलो. दुपारी निघायची गडबड चालली होती, साडेतीनची गाडी होती. आज्जी ओट्यावर बसलेली. म्हणाली, ‘झाला का तुझा टाइम?’

म्हटलं, ‘झाला.’

‘बस की रं घटकाभर.’

घटका म्हणजे २४ मिनिटं, हे मला आता पाठ आहे. बसलो. ती गाडी गेली, पाचची मिळाली.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर तुमच्या गावाकडे टाइमला अजून काय काय म्हणतात, ते व्हॉइस नोटवर पाठवा. शक्यतो आज्जी-आजोबांच्या आवाजात.